पडद्यावरील चमत्काराचे प्रामाण्य

देवाच्या कृपेने घडलेला चमत्कार आणि कॅमेऱ्याच्या करामतीने घडविलेला चमत्कार यांत डोळ्याला काहीच अंतर कळत नसेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या चमत्काराला धर्मजीवनात स्थान कोणते द्यायचे, हा प्रश्न वरवर पाहता चित्रपटरसिकांच्या बैठकीतला वाटला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे. आणि जुन्या चित्रपटांवर, त्यातही प्रभात फिल्म कंपनीच्या संतपटांवर, मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाला तो टाळून पुढे जाता येत नाही. ‘संत तुकाराम’ हा मराठीतला सर्वश्रेष्ठ चित्रपट होय असे मी आजवर मानत आलो आहे, आणि त्याच चित्रपटात धान्याच्या राशी लागतात, इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या परत मिळतात, कीर्तनाला जमलेले लोक शत्रूच्या नजरेला शिवाजीमहाराजांसारखे दिसू लागतात आणि अखेरीस आकाशातून गरुडाकृती विमान उतरते. ही दृश्ये मनातल्या मनात वगळून उरलेल्या चित्रपटाची थोरवी सांगावी, अशी सोय माझ्या बहुतेक सुशिक्षित मित्रांनी लावून घेतली आहे. मला ती मानवत नाही. ज्या कलाकृतीवर आपण जीव लावला तिच्यातला अडचणीचा भाग दप्तरात बांधून ठेवायचा आणि सोयीचा तेवढा चारचौघांत वाचून दाखवायचा, हा तिच्याशी केलेला अन्याय आहे.

आपल्या देशात चित्रपट आणि चमत्कार यांची गाठ पहिल्या दिवसापासून पडलेली आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक विलायती चित्रपट पाहिला आणि तो पाहत असतानाच त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’, १९१७ मध्ये ‘लंकादहन’, १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ असा त्यांचा जो प्रवास झाला, त्यात विज्ञानाचे नवे यंत्र आणि पुराणातले जुने आश्चर्य यांचा मेळ घालण्याची एक विलक्षण उत्कंठा दिसते. मात्र या प्रवासातली एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. ‘कालिया मर्दन’च्या आरंभीच फाळके आपली लहान मुलगी मंदाकिनी हिला तिच्या स्वतःच्या रूपात प्रेक्षकांपुढे आणतात, तिच्या मुद्रेवरचे निरनिराळे भाव एकामागून एक दाखवितात आणि मगच तिला कृष्णाच्या वेषात उभी करतात. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी १९१७ च्या सुमारास काढला होता. म्हणजे ज्या प्रेक्षकाने पडद्यावरच्या कृष्णाला हात जोडले, त्याला ती फाळक्यांची मुलगी आहे हे उघड सांगितलेले होते. ते सांगूनही हात जोडले गेले. त्या काळचा प्रेक्षक भोळा होता, यंत्राने त्याला चकविले, या समजाला इथेच तडा जातो.

चमत्कारपटांवर आक्षेप घेणारे दोन पक्ष आहेत. श्रद्धावान पक्षाचे म्हणणे असे की, जे साधनेच्या अंती एखाद्याच्याच वाट्याला येते ते तिकिटाच्या पैशात सर्वांना दाखविल्याने ईश्वरी लीलेची किंमत उतरते. बुद्धिवादी पक्षाचे म्हणणे असे की, डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो आणि म्हणून असली दृश्ये अंधश्रद्धेला पुराव्याचे रूप देतात. दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असली तरी पाय एकाच गृहीतावर रोवलेले आहेत, आणि ते गृहीत असे की पडद्यावर जे दिसते ते प्रेक्षकाच्या लेखी प्रत्यक्ष प्रमाण असते. नैयायिकांच्या मते इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, प्रत्यक्ष ज्ञान होते. चित्रपटगृहात डोळ्याचा संनिकर्ष होतो तो प्रकाश आणि छाया यांच्याशी. तुकाराम तिथे नसतात, विमानही नसते, आणि हे लहान मुलालाही ठाऊक असते. दोरीवर सर्प भासला तर माणूस मागे सरतो. पडद्यावर महापूर आला म्हणून कोणी धोतर वर खोचीत नाही. तेव्हा ते प्रत्यक्ष नव्हे आणि भ्रमही नव्हे. ती कोणीतरी सांगितलेली हकीकत आहे, शब्दांऐवजी चित्रांनी सांगितलेली. प्रमाणांच्या यादीत तिची जागा शोधायची झाली तर ती शब्दप्रमाणात शोधावी लागेल.

एवढे मान्य केले की सारा वाद निराळ्या कचेरीत जातो. शब्दाचे प्रामाण्य सांगणाऱ्याच्या योग्यतेवर ठरते. तो आप्त असला पाहिजे, म्हणजे ज्याविषयी तो बोलतो ते त्याने खरोखर जाणलेले असले पाहिजे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात वात्स्यायनाने या लक्षणाला जी पुस्ती जोडली आहे ती मला भारतीय विचारातल्या अत्यंत उदार वाक्यांपैकी एक वाटते. आप्ताचे हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू आहे, असे तो सांगतो. मग चित्रपटातल्या चमत्काराबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच उरतो, की हा सांगणारा आप्त आहे काय? आणि त्याची परीक्षा चमत्काराच्या दृश्यात होऊ शकत नाही, कारण तिथे त्याला जाब विचारण्याचे साधनच आपल्यापाशी नसते. ज्या गोष्टी आपण रोज पाहतो, ज्यांची रुजवात घालता येते, त्या सांगताना तो खरे बोलतो की नाही, यावरच ती परीक्षा व्हायची.

‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. मला त्यात वारंवार पाहावेसे वाटते ते तुकोबांचे घर. त्या घरात दारिद्र्य शोभेसाठी मांडलेले नाही. तुकोबांची बायको आवली हिच्या बोलण्यातला त्रागा, मुलांची उपासमार, म्हशीवरचा तिचा जीव, चुलीपुढची तिची लगबग, ही सारी मावळातल्या कोणत्याही घरात उभे राहून टिपून घ्यावीत अशी आहेत. आवलीची भूमिका करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये साध्या कामकरी म्हणून आलेल्या बाई. त्यांच्या चालण्यात, कमरेवर हात ठेवून उभे राहण्यात, पदर खोचून कामाला लागण्यात नाटकातून शिकलेले काही नाही, आणि त्यामुळे त्या ज्या क्षणी दारात येतात त्या क्षणी त्या घराला भिंती आणि छप्पर येते.

मुलगा आजारी पडतो तेव्हा ही आवली त्याला ओढीत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलापुढे उभी राहते. भक्तिपटात देवावर वहाण उगारणारी स्त्री दाखवायची आणि तिला दुष्ट ठरवायचे नाही, याला धैर्य लागते. ती नास्तिक नाही. देव नाहीच असे मानणारी बाई देवळात फिर्याद घेऊन जाणार नाही. तिची तक्रार अशी, की तुझ्या नादाने माझा धनी कामाधंद्यातून उठला, माझी लेकरे उपाशी राहिली आणि तू कटीवर कर ठेवून नुसता उभा आहेस. मूल बरे होते. चित्रपट त्याचे श्रेय देवाला देतो हे खरे. पण त्या दृश्यात देवाने कौल दिला आहे तो आवलीच्या फिर्यादीला, तुकोबांच्या भजनाला नव्हे. इतका गंभीर धर्मविचार इतक्या सहजपणे मांडलेला मी अन्य कोणत्याही भक्तिपटात पाहिलेला नाही.

नजराण्याचा प्रसंग पाहा. शिवाजीमहाराजांकडून वस्त्रे आणि अलंकार येतात, जन्मात कधी अंगाला न लागलेले कापड मुलांच्या अंगावर चढते, आवलीचा चेहरा प्रथमच उजळतो, आणि मग तुकोबा ते सारे परत करायला लावतात. दिग्दर्शकांनी मनात आणले असते तर इथे वैराग्याचा जयजयकार करून मोकळे होता आले असते. त्यांनी आपल्याला मुलांचे चेहरे पाहायला लावले. त्यागाचे पुण्य एकाला आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना, ही संतचरित्रांतली जी अवघड बाजू, ती त्यांनी झाकली नाही, आणि तिचा निवाडाही परस्पर देऊन टाकला नाही. तुकोबा या घरात कठोर होत नाहीत. बायकोच्या शिव्या ते जशा ऐकून घेतात त्यात एक प्रकारची मान्यता आहे, जणू तिचे म्हणणे आपल्या गाथेतच कुठेतरी लिहून ठेवण्याजोगे आहे असे त्यांना वाटते.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो आमच्या गावच्या जत्रेत, तंबूत. पुढे बायकामुले खाली बसलेली, मागे उभे राहिलेले पुरुष, आणि दोन रिळांच्या मध्ये दिवा लागला की कुणीतरी शेंगांची टरफले झाडून पुन्हा मांडी ठोकायचे. माझ्याशेजारी गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, पंढरीची वारी न चुकवणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. शेवटी विमान उतरले, तंबूत विठ्ठलनामाचा गजर उठला, माणसे उभी राहिली. आजी मात्र बसूनच होत्या. नंतर त्या शेजारच्या बाईला एवढेच म्हणाल्या, “अन् हिच्या पोरांचं गं कोण बघायचं आता?” त्या आजींची श्रद्धा तंबूतल्या कुणापेक्षाही उणी नव्हती. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. परंतु चित्रपटाने त्यांना जे सांगितले होते ते त्यांनी पुरते ऐकले होते: तुकोबा आवलीला वैकुंठाला चल म्हणतात, तिला ते नेहमीचेच वेड वाटते, आणि ती आपली पुन्हा स्वयंपाकाकडे वळते. एकाच घरात एकासाठी आकाश उघडावे आणि दुसरीसाठी चूल पेटती राहावी, ही घटना त्यांना चमत्काराहून मोठी वाटली असली पाहिजे. ज्याने चुलीविषयी खरे सांगितले त्याने विमानाविषयी सांगितलेले त्यांनी ऐकून घेतले. आप्तवाक्य मानणे म्हणतात ते यालाच.

इथे महीपतींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ताहराबादच्या या कुलकर्ण्याने अठराव्या शतकात ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ लिहिले नसते तर आमच्या कीर्तनकारांचे उत्तररंग निम्म्याने ओस पडले असते, आणि प्रभातच्या संतपटांनाही कथानक मिळाले नसते. कीर्तनात पूर्वरंगातला निरूपणाचा अभंग हा बुद्धीशी बोलतो आणि उत्तररंगातले आख्यान हृदयाशी. आख्यानातल्या चमत्काराची उलटतपासणी श्रोता करीत नाही, पण ज्या कीर्तनकाराने पूर्वरंगात उथळपणा केला त्याच्या आख्यानाला तो मनापासून टाळीही देत नाही. चित्रपटाची अडचण कीर्तनाहून अधिक आहे हे कबूल केले पाहिजे. कीर्तनकार ‘विमान’ म्हणतो आणि ऐकणारा आपापले विमान मनात घडवितो. कॅमेरा मात्र पुठ्ठ्यालाकडाचे एकच विमान सर्वांवर लादतो. प्रभातचे ते गरुडविमान आज पाहताना ओबडधोबड दिसते. मला ते तसेच असलेले बरे वाटते. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, चित्रकलेच्या आणि नेपथ्याच्या मुशीतून तयार झालेले. जत्रेतल्या रथाची, देवळाच्या भिंतीवरल्या चित्राची धाटणी त्यांनी मुद्दाम राखली असावी असे त्या विमानाकडे पाहून वाटते. ते आपण खरे असल्याचा आव आणीत नाही.

सालोमालोची योजनाही याच विचाराशी जोडलेली आहे. तुकोबांचा अभंग चोरून तो आपल्या नावावर गाणारा हा मनुष्य गाथेतही भेटतो. चित्रपटात त्याला गळा दिला आहे, आणि तोच अभंग दोघांच्या तोंडून आपण ऐकतो. तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या गाण्यात स्वर सरळ येतो, शब्दाला धरून राहतो. सालोमालोच्या गाण्यात तानांची आतषबाजी असते आणि डोळे देवाकडे नसून ऐकणाऱ्यांकडे असतात. अक्षरे तीच, चाल जवळपास तीच, तरी एक जण आप्त आणि दुसरा नव्हे. शब्दप्रमाण म्हणजे नुसता शब्द नव्हे हे तर्कशास्त्राच्या ग्रंथात पानेच्या पाने खर्चून सांगितलेले तत्त्व दोन मिनिटांच्या त्या दृश्यात कळते. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंगवजा पद लिहिले, बीजातून वृक्ष व्हावा त्याप्रमाणे एका ब्रह्मातून विश्व उलगडते अशा आशयाचे, आणि ते तुकोबांचेच समजून गाणारी माणसे महाराष्ट्रात आजही भेटतात. सालोमालोने दुसऱ्याचे ते आपले म्हटले. आठवल्यांचे स्वतःचे होते ते लोकांनी तुकोबांच्या पदरात घातले, आणि आठवल्यांचे त्यात काही हरपले नाही.

वात्स्यायनाच्या त्या पुस्तीकडे मला पुन्हा यायचे आहे, कारण प्रभातच्या इतिहासात तिचा जिवंत दाखला मिळतो. देहूचे ते घर, ते देऊळ, तो घाट पडद्यावर उभा करणारे फत्तेलाल मुसलमान होते. सारी कंपनी त्यांना साहेबमामा म्हणे. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानदेवांची भूमिका करणारे शाहू मोडक अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. आळंदीच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या लाखो माणसांच्या मनात ज्ञानदेवांची जी मूर्ती त्या काळी ठसली ती मोडकांची. यावर कोणा धर्ममार्तंडाने कपाळाला आठी घातली असेल तर त्याने भाष्यकाराचे ते वाक्य काढून वाचावे. जाणणे आणि जाणलेले प्रामाणिकपणे सांगणे, एवढ्या दोन अटींवर जी सनद मिळते तिच्यावर जातीचा रकाना नसतो.

‘संत ज्ञानेश्वर’विषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे. भिंत चालते, रेड्याच्या मुखातून वेद निघतात, आणि ही दृश्ये तांत्रिकदृष्ट्या ‘तुकाराम’मधल्या दृश्यांपेक्षा कितीतरी सफाईदार आहेत. तरी ती मनाला तितकी भिडत नाहीत. चार अनाथ भावंडांच्या वाट्याला आलेला बहिष्कार त्यात आहे, पण ज्ञानदेवांना घरातून विरोध करणारे, त्यांचे म्हणणे रोजच्या जगण्यावर घासून पाहणारे कोणी नाही. विरोध करतात ते पैठणचे आणि आळंदीचे ब्राह्मण, आणि ते आरंभापासूनच हरण्यासाठी उभे केलेले आहेत. ज्या कैफियतीत प्रतिपक्षाला बोलूच दिले जात नाही तिच्यातला साक्षीदार कितीही तेजस्वी असला तरी त्याच्या साक्षीचे वजन घटते. पुढच्या काळात मुंबईत जे शेकडो पौराणिक चित्रपट निघाले, त्यांत तर घर म्हणून दाखविलेले घरही खोटे, दुःखही खोटे. त्यांच्या चमत्कारांविषयी काही लिहावेसे वाटत नाही.

व्हेनिसला ‘तुकाराम’ दाखविला गेल्यानंतर बरोबर अठरा वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच महोत्सवात कार्ल ड्रायर या डेन्मार्कच्या दिग्दर्शकाच्या ‘ओर्डेट’ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. काय मुंक नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या नाटकावर तो आधारलेला आहे. हा मुंक पुढे नाझींच्या राजवटीविरुद्ध बोलला म्हणून १९४४ मध्ये मारला गेला. एका शेतकऱ्याच्या घरातली थोरली सून, इंगर, बाळंतपणात दगावते, आणि अखेरीस शवपेटीतून उठते. तिथे एकही यांत्रिक करामत नाही. जोडलेले हात हलतात, डोळे उघडतात, इतकेच. त्याआधी दीड-दोन तास ड्रायरने आपल्याला ते घर दाखविलेले असते. इंगर सासऱ्याला कॉफी देते, त्याची समजूत घालते, नवऱ्याच्या अश्रद्धेला न दुखावता जपते. ती मेल्यावर घड्याळ थांबविले जाते आणि ती उठल्यावर धाकटा दीर ते पुन्हा चालू करतो. ड्रायरला देहू ठाऊक असण्याचे कारण नाही. पण जटलंडमधले ते घर आणि इंद्रायणीकाठचे हे घर यांत वहिवाट एकच आहे: आधी भाकरीविषयी खरे सांगा, मग मृत्यूविषयी आणि वैकुंठाविषयी बोला. चमत्कार दाखविण्याची पद्धत दोघांची अगदी भिन्न, एकाची उघडउघड रंगवलेली, दुसऱ्याची जवळजवळ अदृश्य. आणि तरीही दोघांवर माझा सारखाच विश्वास बसतो.

आता बुद्धिवादी मित्रांच्या आक्षेपातला जो भाग उरतो तो खरोखर भारी आहे, आणि त्याला मी हलके लेखणार नाही. तुकोबांच्या अखेरीविषयी आपल्याकडे तीव्र मतभेद आहेत. सदेह वैकुंठगमनाची कथा ही एका मोठ्या अन्यायावर घातलेले पांघरूण आहे, असे मानणारी विचारी माणसे महाराष्ट्रात आहेत, आणि चित्रपटाने त्या पांघरुणाला जरीकाठ लावला असे त्यांना वाटले तर ते समजण्याजोगे आहे. विमान इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पुढे केले जाते तेव्हा मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन. परंतु प्रभातच्या चित्रपटाने छळाची कथा लपविलेली नाही. वह्या बुडवायला लावणारी सत्ता त्यात आहे, शूद्राने धर्म सांगू नये असे म्हणणारे शास्त्री आहेत, आणि इंद्रायणीच्या काठी शिळेवर अन्नपाण्याविना पडून राहिलेला माणूस आहे. हे सारे पाहून झाल्यावर जो उठतो, त्याच्या मनात विमानापेक्षा त्या शिळेवरचे दिवस अधिक काळ राहतात, असा माझा अनुभव आहे.

पागनिसांची तुकारामाच्या वेषातली तसबीर पुढे घरोघरी लागली, देवघरात तिला हार चढले, आणि १९४३ मध्ये ते वारले तेव्हा संतच गेल्यासारखी हळहळ अनेकांना वाटली असेल. ‘तुकाराम’नंतर त्यांनी तुलसीदासही केले आणि नरसी भगतही केले. मराठीने एकदा मान्य केलेली ही साक्ष हिंदी मुलखानेही मान्य केली. त्या सन्मानात मला काही वावगे दिसत नाही. गौरीबाईंची तसबीर मात्र कोणी लावली नाही, आणि लावायला हवी होती. कारण त्या घरातली चूल त्यांनी तशी फुंकली नसती, ती वहाण तशी उगारली नसती, तर दामले-फत्तेलालांनी कितीही सुंदर विमान बांधले असते तरी ते स्टुडिओच्या आवारातच राहिले असते.